मांडुळाचं दुसरं तोंड

छबूबाईच्या शेतात अख्खं गाव लोटलं होतं. गावात उतरलेल्या मुंजाजीबुवांनी झोळीतून दोन तोंडांचं मांडूळ काढून भुईवर सोडलं. ते वळवळत एका जागी जमिनीत शिरलं. तिथं खणलं तर मडकं, आणि मडक्यात निजामाचे मूठभर हाली रुपये! वडवणीच्या बाजारात ही बातमी दिवस मावळायच्या आत पोचली.

"हे तर नुसतं वरचं हाय," बुवा म्हणाले. "खाली कढई हाय. पर सोनं सोन्याला वढतं. उद्या अंगावरचं सोनं ह्या झोळीत घाला, मी मंतरतो. कढई आपसूक वर येती."

छबूची थोरली जाऊ सत्यभामा मागं उभी राहून जळत होती. सासूनं मरताना आपली ठुशी घातली ती धाकटीच्या गळ्यात. वाटणीत विहिरीकडचा तुकडा गेला तोही धाकटीला. आता देवालाही धाकटीचंच शेत सापडलं. थोरलीनं कुणाचं घोडं मारलं होतं?

दुपारी हैदरसाहेब तिचा लंगडा बैल पाहायला आले. ते निजाम सरकारचे सलोतरी, म्हणजे गुरांचे डॉक्टर. तिनं मनातलं विचारूनच टाकलं, "साहेब, मांडुळाला माझ्या शेतातलं सोनं कावून दिसंना?"

हैदरसाहेब हसले नाहीत. जनावराला देवही म्हणायचं नाही आणि भूतही म्हणायचं नाही, असं ते म्हणाले. ते राहतं कुठं, खातं काय, हे आधी बघायचं. मांडुळाला तोंड एकच असतं. दुसरं म्हणजे नुसती बोथट शेपटी, तिथून कधी जीभ निघालेली कुणी पाहिलीय? ते उंदीर खातं आणि सैल मातीत दडतं. सोनं त्याच्या काय कामाचं?

सैल माती म्हटल्यावर सत्यभामा चमकली. छबूचं शेत मुरमाड, उन्हाळ्यात कुदळीलाही दाद न देणारं. आणि मांडूळ सोडण्याच्या आदल्या दिवशी बुवा तिथं एकटेच आसन लावून बसले होते.

लबाडी उमगली आणि तिला आनंद झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. आपण गप्प बसलो तर ठुशी जाणार होती, तीही छबूची. सकाळपर्यंत ती याच आनंदात होती.

पण दुसऱ्या दिवशी शेतात छबूनं ठुशीची दोरी सोडायला मानेमागं हात नेला. सासूची ठुशी या भोंदूच्या झोळीत? सत्यभामा पुढं झाली. कुदळ मागून घेतली, घाम गाळत सगळ्यांदेखत हातभर जागा उकरली, आत आपलं फाटकं खेटर टाकलं आणि वर भुसभुशीत माती लोटली.

बुवा गरजले, "बाईचा हात लागला तर मांडूळ कोपंल. वंश बुडंल!"

सत्यभामानं बुवांच्या झोळीतलं मांडूळ उचललं. तिनं ते त्या मातीजवळ कडक भुईवर ठेवलं. मांडूळ मुरमावर तोंड घासत फिरलं आणि सैल माती लागताच आत गेलं. वंश जिथल्या तिथं राहिला. खणल्यावर खेटर निघालं. गावच्या बबन पाटलांनी ते बुवांपुढं धरलं आणि विचारलं, "बुवा, हे कंच्या राजाचं धन?"

बुवांची झोळी उलटी केली तेव्हा माती लागलेलं खुरपं पडलं. त्या खुरप्यानंच बुवांनी माती सैल करून मडकं पुरलं होतं आणि वर पाचोळा पसरला होता. पाटलांनी बुवांना ठाण्यावर धाडलं.

छबू रडत पाया पडायला आली. सत्यभामानं पाय मागं घेतले.

"ही ठुशी तुझ्या गळ्यात बघवत न्हाई मला," ती म्हणाली. "पर त्याच्या झोळीत तर त्याहून बघवत न्हाई."

मंडळी, मांडूळ दिसलं तर त्याला हळद वाहू नका आणि त्याच्याकडं धनही मागू नका. तोंड कुठलं, शेपटी कुठली, ते राहतं कुठं, एवढं स्वतःच्या डोळ्यांनी बघा. आणि कुणी बघू देत नसेल, तर सोनं घरीच ठेवा.