कोऱ्या कोपऱ्यांच्या चिठ्ठ्या

बाबांच्या पश्चात त्यांचे चिठ्ठ्यांचे लाकडी खण त्यांच्या पुस्तकाचा संपादक खोक्यांत रिकामे करत होता. तो बाबांचाच जुना विद्यार्थी, त्यामुळे हात जपून चालले होते. जाण्यायेण्याची वाक्यं इंग्रजीत कशी बदलत गेली, या एका गोष्टीपायी बाबांनी उभा जन्म घालवला. जुने लोक 'ही इज कम' लिहीत, त्याचं पुढे 'ही हॅज कम' झालं. 'आय मस्ट होम' एवढं लिहूनही माणूस घरी निघायचा, जाण्याचा वेगळा उल्लेख करायची गरज त्याला वाटत नसे. जुन्या पत्रांत असं काही सापडलं की बाबा ते चिठ्ठीवर उतरवून घेत.

"जगातल्या आल्यागेल्याची चौकशी करतील," आई म्हणायची, "पण दूध आणा म्हटलं तर जागचे हलतील तर शपथ."

बाबांचा एक नियम होता. एकट्याने उतरवलेलं ते खरं धरत नसत. एकाने मूळ पत्र मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने चिठ्ठी ताडून कोपऱ्यात लाल खूण करायची. दहाव्या वर्षापासून ती खूण लेकीची. दर चिठ्ठीनंतर बाबा विचारायचे, "झालं?" आणि ती म्हणायची, "झालं." मग नोकरी लागली, शहर बदललं. दर फोनला 'पुढच्या सुट्टीत नक्की' म्हणत चार वर्षं गेली.

"ताई, हे मात्र राहू द्यावं लागेल." संपादकाने बुटांचा खोका पुढे केला. आत तीसएक चिठ्ठ्या, प्रत्येकीला पत्राची छायाप्रत टाचलेली. कोपरे कोरे. "खूण नाही ते छापायचं नाही, असं सरांनी बजावलंय. मी बसतो म्हणालो होतो."

"मग?"

"म्हणाले, राहू दे. ती येईल."

ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. तिथूनच तिने संपादकाला विचारलं, "खोके न्यायला गाडी किती वाजता येणार?"

"पाचला."

"आण तो खोका इकडे," आई दारातून म्हणाली. "मी वाचते."

"आई, तुला इंग्रजी कुठे येतं?"

"अक्षरं येतात की! अर्थाशी मला काय करायचंय?"

संपादक खाली मान घालून हसला. "सर म्हणायचेच, अर्थ कळणारा घाईत चुकतो."

दोघी टेबलाशी समोरासमोर बसल्या. बाबांच्या खुर्चीत आई. चष्मा नाकावर ओढून, कागदावर बोट ठेवून ती एकेक अक्षर सुटं सुटं वाचायला लागली. लेक चिठ्ठीवरून नजर फिरवत होती. कुठल्या तरी म्हातारीचं पत्र. मुलगा समुद्रावर गेलाय, असं ती बहिणीला कळवत होती. चिठ्ठीत काना-मात्रेचीही चूक नव्हती. शेवटच्या दिवसांतलं बाबांचं अक्षर तेवढं थरथरलेलं.

आईचं बोट ओळीच्या टोकाशी थांबलं. इतकी वर्षं स्वयंपाकघरातून ऐकलेलं तिच्या तोंडून आपसूक निघालं, अगदी बाबांच्याच हेलात.

"झालं?"

लाल पेन्सिल कोपऱ्यावर टेकली होती. फक्त ओढायची होती. बाहेर संपादक खोक्याला चिकटपट्टी लावत होता.

"नाही," ती म्हणाली. "परत एकदा वाच."

आईने तिच्याकडे पाहिलं आणि बोट पुन्हा पहिल्या अक्षरावर नेलं.