फळ्यावरचा भाव

"लॉटरी लागली नाही, ऑर्लीन," मिस्टर वेंडेल पायरीवर उभ्या उभ्याच म्हणाले.

मावशी व्हरांड्यात शेंगा सोलत बसली होती. तिने मान वर केली नाही. "तू लॉटरी कधीपासून खेळायला लागलास? तुझ्या बापाला कळलं असतं तर घरात घेतलं नसतं."

"मजुरांच्या व्हिसाची गं. सरकार चिठ्ठ्या काढतं. तीस बायका मागितल्या होत्या, एक नाही मिळाली. होड्या रोज धक्क्याला लागतायत, खेकडे नुसते पडून आहेत आणि सोलायला माणूस नाही."

"एवढ्या मोठ्या अमेरिकेत माणसं संपली?"

"माणसं आहेत. काम करायला कोणी तयार नाही."

"देतोस किती?"

मिस्टर वेंडेलनी टोपी काढली आणि तिच्या आत बघितलं. "तोच भाव. म्हणजे तू सोडलंस तेव्हापेक्षा थोडा वाढवलाय."

"चौदा वर्षांत पंचवीस सेंट," मी जाळीच्या दारामागून म्हणाले. मागच्या वर्षापर्यंत मी असं कधी बोलले नसते. या वर्षी मला शोध लागला होता की तोंड उघडलं तरी आभाळ कोसळत नाही, आणि तेव्हापासून मी ते बरंच उघडत होते.

"जॉयलिन, शेंगा आत ने," मावशी म्हणाली. पण हसली.

आमचं बेट मेरीलँडमध्ये, चेसापीकच्या खाडीत आहे. इथे मे ते नोव्हेंबर खेकडे असतात, बाकीचे महिने खेकड्यांच्या गप्पा. मावशीने पंधराव्या वर्षी सुरी हातात घेतली आणि अडतीस वर्षं मिस्टर वेंडेलच्या, आणि त्याआधी त्यांच्या वडिलांच्या, शेडमध्ये खेकडे सोलले. मजुरी सोललेल्या गरावर, पौंडामागे. चौदा वर्षांपूर्वी तिने आणि आमच्या चर्चच्या नऊ बायकांनी पौंडामागे अर्धा डॉलर वाढवून मागितला. मिस्टर वेंडेल म्हणाले, परवडत नाही. पुढच्या वसंतात पेपरात आलं की बेटावर मजूर मिळत नाहीत, आणि महिन्याभरात मेक्सिकोच्या हिदाल्गो भागातून बायकांची गाडी आली. त्यांना शिकवायला कोणी नव्हतं, म्हणून मावशीने एक हंगाम शिकवलं. मग ती पुलापलीकडच्या इस्पितळात चादरी धुवायला जाऊ लागली. त्या बायकांबद्दल ती वाईट बोलली नाही. काहीच बोलली नाही. त्यांतल्या एउलालियाला सुरी धरायला तिनेच शिकवलं होतं, पण दुकानात समोरासमोर आल्या तरी मावशी पावाच्या किमती वाचत उभी राहायची.

"अर्धा डॉलर," मावशी आता म्हणाली.

"तुला देतो. पाकिटात. कोणाला सांगू नकोस."

"फळ्यावर लिही. वजनाच्या खिडकीजवळ. येईल त्याला तोच भाव."

"मी बुडेन, ऑर्लीन."

"इथे पाणी कमरेएवढंच आहे."

ते गेले. चौथ्या दिवशी परत आले, आणि या वेळी टोपी न काढताच म्हणाले, "लिहिलंय. सोमवारी पहाटे पाचला ये."

सोमवारी आम्ही आठ जण होतो. मावशी, चर्चच्या जुन्या दोघी, शाळा सुटलेल्या आम्ही तीन मुली, आणि पुलापलीकडून आलेले दोन बाप्ये. त्यांतल्या एकाने साडेसहाला विचारलं की चहाची सुट्टी कधी. सातला तो चहा घ्यायला गेला, तो अजून परत यायचा आहे. दुसरा दुपारपर्यंत टिकला. जाताना मावशीला म्हणाला, "बाई, हे काम माणसाचं नाही."

"म्हणून तर बायका करतात," मावशी म्हणाली.

माझ्या बोटांना नऊ ठिकाणी कापलं होतं. मी एका खेकड्याशी झटापट करेपर्यंत मावशीचे पाच व्हायचे. सुरीचं टोक आत, मनगटाला एकच झोका, आणि पाठीजवळचा गर अख्खा बाहेर, उकडलेल्या अंड्याच्या फोडीसारखा. बोलताना तिचे हात थांबत नव्हते, आणि ती सतत बोलत होती: माझ्या सुरीबद्दल, माझ्या पाठीच्या पोकाबद्दल, मी शाळेत भाषणात पहिली आले त्याबद्दल. "तोंडाने सोलता आलं असतं तर तू श्रीमंत झाली असतीस."

नऊला ती पहिला डबा घेऊन खिडकीशी गेली. तिथे मिस्टर वेंडेलची बहीण मिस डॉटी बसते. प्रत्येकीचा डबा ती थाळीत पालथा करते, गर पसरते आणि कवचाचा तुकडा राहिलाय का ते बघते. तुकडा सापडला तर डबा परत. सगळ्यांसमोर परत घेऊन यायचा आणि पुन्हा निवडायचा. अडतीस वर्षांत मावशीचा डबा परत आला नव्हता. ही गोष्ट बेटावर लहान पोरांनाही माहीत आहे.

मिस डॉटीने बोट फिरवलं आणि थांबली. एक तुकडा बाजूला ठेवला. मग दुसरा. मग तिने हळूच हाताने झाकून घेतलं आणि वजनकाट्याकडे बघायला लागली.

"काय झालं?" मावशीने विचारलं.

"काही नाही, मिस ऑर्लीन."

मावशीने तिचा हात उचलला आणि चेहरा थाळीजवळ नेला. अगदी जवळ. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की गेलं वर्षभर ती चर्चची पत्रकं मला का वाचायला लावत होती.

मिस्टर वेंडेल मागून आले. "चालेल गं. आज सगळ्यांच्याच डब्यात कवच आहे. वजन कर, डॉटी."

"चालेल कसं?" मावशी म्हणाली. "फळ्यावर भाव काय लिहिलाय? असला गर घेऊन तो दिलास तर ती मजुरी नाही, भीक झाली. आणि भीक तू कधीही बंद करशील."

तिने डबा परत आणला. आमच्या टेबलापर्यंत बावीस पावलं आहेत. आम्ही सगळ्या आपापल्या खेकड्यांकडे बघत होतो. ती बसली, तिने डोळे मिटले आणि बोटांच्या टोकांनी एकेक कण चाचपायला लागली. पाऊण तास लागला. तो डबा पास झाला. त्यानंतर तिचा प्रत्येक डबा तसाच झाला, डोळे मिटून. दिवसाला निम्मेच भरायचे, पण एकही परत आला नाही.

जूनच्या मध्याला वॉशिंग्टनने जादा व्हिसे सोडले. दहा दिवसांत गाडी आली, तीस बायका, सगळ्यांत पुढे एउलालिया. आत शिरताच तिने फळा वाचला. मग मावशीकडे बघितलं. मग खाली.

"हा भाव अडचणीपुरता होता," मिस्टर वेंडेलनी जाहीर केलं. कोणाकडे बघून, ते कळलं नाही. "या बायकांच्या करारात जुनाच भाव आहे. त्यांनी सही केलीय. उद्यापासून तोच." मग मावशीजवळ येऊन हळू आवाजात, "तुला मी हाच देईन. हंगामभर. तू हळू करतेस तरी."

मावशीने हातातला खेकडा पुरा केला. जेवणाच्या सुट्टीत ती उठून एउलालियाच्या बाकावर जाऊन बसली. चौदा वर्षांनी. एउलालियाने फडक्यातली भाकरी, मक्याची, अर्धी मोडून पुढे केली.

"तुम्ही तिघी-चौघी जरी नाही म्हणालात," मावशी म्हणाली, "तरी तो फळ्यावरचा भाव पुसणार नाही. होड्या भरून आल्यात."

"व्हिसावर मालकाचं नाव आहे, मिस ऑर्लीन. इथे नाही बसले तर या देशात दुसरीकडे कुठेही बसता येत नाही. सरळ घरी. आणि पुढच्या वर्षी यादीत नाव नाही." एउलालिया इंग्रजी आमच्या बेटासारखंच बोलते, शब्द चावून. "माझी पोरगी नर्सिंगला आहे. दोन वर्षं राहिलीत."

मावशीने भाकरी चावली. "मला वाटायचं तुम्ही हौसेने स्वस्तात करता."

"आम्हाला वाटायचं तुम्ही हौसेने सोडलंत."

दोघी हसल्या, पण फार नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे फळ्यावर जुना भाव होता. पुसताना कोणी पाहिलं नाही. शेडमध्ये छत्तीस जागा भरल्या होत्या, आणि सुऱ्यांच्या आवाजाशिवाय काही ऐकू येत नव्हतं. मावशीने टोपलीतले खेकडे सोलायला घेतले. डोळे मिटून, रोजच्यासारखे. डबा पाऊण भरल्यावर उठली, फळ्याजवळ गेली, नाक टेकेल इतकी जवळ, आणि चर्चमध्ये सूचना वाचतात त्या आवाजात तिने वाचलं. आधी कालचा, पुसलेला भाव. मग आजचा. दोन्ही आकडे, एकामागून एक, काही न जोडता.

मिस्टर वेंडेल कचेरीच्या दारात आले. "ऑर्लीन, तुझा भाव वेगळा आहे म्हटलं ना मी."

"म्हणालास," मावशी म्हणाली.

तिने एप्रन काढला, घडी घातली, टेबल पुसलं. मला म्हणाली, "तू हातातला पुरा कर. अर्धा सोडायचा नाही." आणि बाहेर गेली. दारातल्या उंबऱ्यावर तिचा पाय जरा अडखळला, कारण बाहेर ऊन होतं.

तिच्या टोपलीत चार खेकडे राहिले होते. एउलालिया आपल्या जागेवरून उठली. तिला पौंडामागे पैसे मिळतात, आणि उठलेलं प्रत्येक मिनिट तिचं जातं. तिने ते चार खेकडे उभ्या उभ्याच सोलले. मनगटाला एकेक झोका. गर स्वतःच्या डब्यात नाही, मावशीच्या डब्यात टाकला. प्रत्येकीच्या झाकणावर तिचा नंबर लिहायचा असतो. एउलालियाने खडू घेऊन मावशीचा अकरा लिहिला, सावकाश, दोन सरळ रेघा, आणि डबा खिडकीत नेऊन ठेवला.

"कोणाचा?" मिस डॉटीने विचारलं.

"नंबर बघा," एउलालिया म्हणाली, आणि जाऊन बसली.