दोन श्रावण

दिशाला प्रश्न फार. दिंडोशीच्या त्यांच्या बिल्डिंगमध्ये सगळे तिला 'का गं बाई' म्हणत, आणि त्यात काही खोटं नव्हतं. पण सहावीत गेली तरी एक प्रश्न तिला सुटेना. तिचा बाबा, गुणाजी, लिफ्ट दुरुस्त करणारा एवढा हुशार माणूस, अकरा महिने रोज पितो आणि श्रावणात थेंबाला शिवत नाही. अहो, एक महिना जमतं तर बाकीचे का नाही? आणि त्या महिन्यात काय झकास असायचा तो! गणितं समजवायचा, घावणे घालायचा, आईला हसवायचा. श्रावण संपला की ये रे माझ्या मागल्या.

त्या वर्षी कॅलेंडरात चक्क दोन श्रावण आले. आधी अधिक, मग निज. दिशा नाचलीच.

"दुष्काळात तेरावा महिना!" बाबाने कपाळाला हात लावला. "गो, अधिक धरूचो नसता. जा, भटजींका इचारून ये."

तळमजल्यावरचे विद्याधर भटजी चहा पीत होते. "नेमधर्म निज श्रावणात," ते म्हणाले. "अधिक पाळलाच पाहिजे असं नाही. का गं?"

दिशा तोवर जिन्याकडे पळालीसुद्धा. खोटं बोलायला ती जाम घाबरायची. पण श्रावणातला बाबा तिला हवा होता, त्यापुढे भीती गेली खड्ड्यात.

"दोन्ही पाळायचे म्हणाले," तिने ठोकून दिलं.

"बरा," बाबा म्हणाला.

आणि पाळले की त्याने! पहिल्या आठवड्यात हात थरथरले, घामाने गंजी भिजली, भांडी आदळून झाली. पण गडी टिकला. दिशा रोज त्याच्या तोंडाशी नाक नेई आणि तो निमूट 'हाऽऽ' करी. असे एकोणसाठ दिवस!

शेवटच्या दुपारी मात्र तिला राहवेना. बाबा भुईमुगाच्या शेंगा सोलत बसला होता.

"बाबा, मी खोटं बोलले. अधिक नाही पाळला तरी चालतो, असं म्हणाले होते भटजी."

"माका म्हायत होता. त्याच सांजेक ते बाजारात गावले माका."

"मग प्यायला का नाहीस?"

"तू पयल्यांदाच माझ्याशी खोटा बोललंस. मी तर तुझ्याशी रोज बोलतंय, उद्यापासून सोडतंय म्हणान. म्हटला, माझा नाय तर नाय, तुझा तरी खरा होवंदे."

दिशाला रडूच आलं. पण जित्याची खोड! डोळे पुसत तिने विचारलंच, "मग उद्या?"

बाबाने एक शेंग फोडून दाणे तिच्या हातावर ठेवले.

"उद्याची माका भीती वाटता गो."

"मलापण," ती म्हणाली.