साक्रीला दिलेली लेक

"अहो, सुनेचं रक्त घेऊन मी काय करू?" डॉक्टरांनी विचारलं, तशी बाही सरसावून बसलेली सून गोंधळली आणि वच्छलाबाई तिच्याहून जास्त. घरातल्या सगळ्यांना आणा म्हणाले, म्हणून तिनं बोदवडहून जळगावला झाडून सारे आणले होते. नवरा, मुलगा, सून, अगदी दीरसुद्धा!

तिच्या आईला गळ्याच्या गाठीनं नेलं, धाकट्या बहिणीलाही. तिची स्वतःची गाठ मात्र गेल्या वर्षी, सत्त्याण्णवला, मुंबईत काढली. कॅन्सर निघाला. तो घराण्यातून उतरलाय, हे तिथल्या जनुक-तपासणीत कळलं. पोटच्या पोरांत तोच दोष असला, तर रोग वाढायच्या आधीच गळ्यातली ग्रंथी काढता येणार होती.

"मुलगी नाही तुम्हाला?"

"हाय ना, मंदा. साक्रीले दिली."

"मग तिला का नाही आणलं?"

"आता ती तिकडची झाली ना, डाक्टर."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "बाई, तुमचं रक्त तिच्यात आहे. आधी तिला आणा."

बाहेर आल्यावर नवरा, रुपचंद, कुजबुजला, "गप राह्य. तिच्या सासरी कयलं त पोरगी आनून सोडतीन आपल्या दारात."

जन्मभर नवऱ्याचा शब्द खाली पडू न देणारी बाई ती! पण दुसऱ्या दिवशी एकटीच साक्रीच्या एसटीत बसली.

विहीण कुंदाबाई ओट्यावर मिरच्या निवडत होती. वच्छलाबाईनं पाणीसुद्धा घेतलं नाही, सगळं एका दमात सांगून टाकलं. उंबऱ्यात उभ्या मंदाचा हात गळ्याकडे गेला. कुंदाबाई उठली ती फणफणतच.

"आज सांगस? इतला दिन का बरं नही सांगं?" मग तिनं मुलाला हाक मारली, "छगन! सकाय जळगाव जानं शे. मी बी येस."

महिन्याभरानं मुंबईहून अहवाल आला. मुलगा सुटला, मंदात दोष निघाला. जळगावलाच ऑपरेशन झालं, ग्रंथीत तिळाएवढी सुरुवात सापडली. "अगदी वेळेवर आलात," डॉक्टर म्हणाले. आता जन्मभर रोज एक गोळी, बस्स.

सुट्टी मिळाली त्या दिवशी वच्छलाबाई रिक्षा घेऊनच दवाखान्यात आली. दुखण्यातून उठलेली लेक माहेरीच यायची, अशी रीत. घरी खाटही घालून ठेवली होती. बघते तर मंदाची पिशवी कुंदाबाईच्या खांद्यावर.

"पोर आपला घर येई," कुंदाबाई म्हणाली. "मी शे ना तिनं समदं कराले."

मंदा सासूबरोबर साक्रीला गेली. वच्छलाबाई रिकाम्या रिक्षात बसून स्टँडकडे निघाली आणि आनंदानं तिला रडू आवरेना. पोरगी माहेरी आली नव्हती.