तानी, उस्ताद

कापडाचं होतं ते गाजर — अंगठ्याएवढं, नारिंगी, डोक्यावर हिरव्या दोऱ्यांचा झुपका, पाठीला सेफ्टी पिन — आणि काउंटरवर काढून ठेवलेल्या चष्म्याच्या भिंगांमध्ये ते असं पडलं होतं की वग्दीला आधी वाटलं, कुणा गिऱ्हाइकाच्या लेकराचं राहिलं असेल. मग आठवलं, सकाळी शिहाबच ठेवून गेला. छातीवर लाव म्हणाला. आज तू नाही लावायचं तर कुणी लावायचं?

वग्दीने एक भिंग उचललं आणि त्यातून गाजराकडे पाहिलं. जाड भिंग होतं, लांबचं न दिसणाऱ्या कुणा म्हाताऱ्याचं. गाजर बारीक झालं, दूर गेलं… पण गेलं नाही.

आता अलेक्झांड्रियाभर ही गाजरं दिसतात. कॉलेजातल्या पोरी पिशव्यांना लावतात, कॅफेतली पोरं टोप्यांना. 'मल्लाहा'च्या तिसऱ्या अल्बमला तीस वर्षं झाली म्हणे. तो पुन्हा निघालाय, मासिकांतून त्यावर पानंच्या पानं लिहून येताहेत, आणि तेव्हाचे आम्ही सगळे, टकलं पडलेले, पोटं सुटलेले, साखर वाढलेले, एकमेकांना फोन करकरून सांगतोय की आम्हाला तेव्हाच कळलं होतं. तेव्हाच! एकालाही कळलं नव्हतं. खोटारडे साले. आणि त्यांच्यात सगळ्यात मोठा खोटारडा मी, कारण बाकीचे नुसते बोलतात; माझा तर आवाजच छापून आलाय.

मल्लाहा म्हणजे मिठागर. मिठागराच्या बाजूच्या वस्तीतली पाच पोरं, तीन गिटारी, एक ड्रम, आणि रऊफ झोहदीचा गळा — ताटं फोडावीत तसा गायचा तो. पहिल्या दोन कॅसेटी वग्दीने घासून घासून संपवल्या होत्या. एकोणीस वर्षांचा होता. पलीकडच्या खोलीत बाप, कस्टममधला कारकून, आणि बापाचे दोन-चार दोस्त, रेडिओसमोर डोळे मिटून बसलेले. गाणारी बाई एक ओळ संपवायची आणि बाप छातीच्या तळातून म्हणायचा, "तानी…" आणखी एकदा. बाई रेडिओत, तिला कुठे ऐकू जाणार. तरी म्हणायचा. त्या लोकांत ऐकणाऱ्याने गाणाऱ्याला देण्यासारखं याहून मोठं काही नसतं — पुढचं नको, हेच पुन्हा दे. वग्दीला त्या शब्दाची शिसारी यायची. तेच ते, तेच ते, पुन्हा तेच ते — ह्यांचं आयुष्यच तसलं! तो दार आपटायचा, मल्लाहाची कॅसेट लावायचा आणि रऊफच्या गळ्यातून बापाला शिव्या द्यायचा. स्वतःच्या गळ्यातून द्यायची छाती नव्हती.

आणि त्याच रऊफने तिसऱ्या खेपेला हे केलं.

नाव ठेवलं गझ्र. गझ्र म्हणजे ओहोटी. पण आमच्या लिपीत ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत. वर खुणा दिल्या तर दिल्या, नाहीतर तीच तीन अक्षरं गझर अशीही वाचता येतात, आणि गझर म्हणजे गाजर. खुणा द्यायचं कुणाला सुचलं नाही. की मुद्दाम दिल्या नाहीत, कोण जाणे. दुकानात कॅसेट हातात घेतली आणि शिहाब हसत सुटला… अरे, गाजरं काढली यांनी! ओहोटी असेल, कुणीतरी म्हणालं. तर शिहाब म्हणाला, आपल्या समुद्राला कधी ओहोटी पाहिलीस? वीतभर पाणी मागे सरकत नाही. गाजरंच आहेत ही.

घरी येऊन लावली. गिटार नाही. ड्रम नाही. ऊद नावाचं एक जुनं तंतुवाद्य, एक हातात धरायचा डफ, मध्येच मिठागरावरच्या बायकांच्या हाका, आणि कॅसेटच्या अख्ख्या एका बाजूवर एकच ओळ — पाणी मागे जाऊ दे, तळ बघायचाय मला. तीच ओळ. पुन्हा तीच. पुन्हा. वग्दी खोलीच्या मधोमध उभा राहिला, आणि पलीकडून बापाचा आवाज आला — "वग्दी, हे कोण गातंय रे? छान गातोय."

बस्स. तेवढं एक वाक्य. माझं हत्यार त्याने बापाच्या हातात नेऊन दिलं होतं.

"नुसता जा," सकाळी शिहाब काउंटरवर कोपर टेकून म्हणत होता, "मिठी मार, चहा पी आणि ये. लिंबू चोखल्यासारखं तोंड कशाला करतोस?" शिहाबचं बाथरूमच्या फरशांचं मोठं दुकान आहे, हा तिसाव्या वर्षाचा सगळा उत्साह त्याचाच. तेव्हा रऊफने हीच गाणी लोकांसमोर गायली होती; कुणाकडे तरी त्या कार्यक्रमाची कॅसेट निघाली. ती रऊफच्या मुलीने, लुबनाने, अल्बमला जोडून बाहेर काढली. त्यात मध्येच 'तानी' अशी हाक येते, ती कुणाची हे तिला शिहाबनेच सांगितलं. आणि परवा तिचा फोन आला… अम्मो वग्दी, म्हणजे वग्दीकाका, बाबा म्हणतात, त्या माणसाला एकदा घेऊन ये.

"मी टिंगल करत होतो," वग्दी म्हणाला. "तुला ठाऊक आहे."

"मला काय ठाऊक? मी तर रडत होतो."

"तू गाजरं वाटत होतास."

"मग तेच म्हणतोय. रडत रडत वाटत होतो."

आणि गंमत ही, की शिहाब खोटं बोलत नव्हता. त्याला आता खरंच तसं आठवतं.

दुपारची नमाज सुटली तसं वग्दीने शटर ओढलं. गाजर छातीला लावलं नाही, टाकूनही दिलं नाही. कोटाच्या खिशात टाकलं. कोपऱ्यावरून अर्धा किलो बसबूसा घेतला, आणि घेतल्यावर स्वतःचीच लाज वाटली… माणूस गुन्हा सांगायला जातो तेव्हा मिठाई नेतो? ट्रॅममध्ये खिडकीशी बसून तो वाक्य जुळवू लागला. उस्ताद, ती हाक माझी, पण ती टिंगल होती. — फार सपाट. उस्ताद, तेव्हा मी पोर होतो. — हे तर सगळेच म्हणतात. उस्ताद, मला माफ… पण माफी मागणं म्हणजे त्या माणसाच्या हातातून ती एक दाद काढून घ्यायची आणि वर त्यालाच म्हणायचं, बघ मी किती प्रामाणिक. कुणासाठी चाललोय मी? त्याच्यासाठी, की रात्री मला झोप यावी म्हणून?

कॅसेटमधलं ते गाणं त्याने शिहाबच्या फोनवर ऐकलं होतं. एकदाच. हसण्याचा मागमूस नाही त्यात. रेकॉर्डर स्टेजच्या कडेला असणार, मागचा हलकल्लोळ त्याच्यापर्यंत पोचलाच नाही. खरं होतं ते असं — भरलेलं अंगण, पोरांच्या हातांत पाल्यासकटची गाजरं, रऊफने ऊद मांडीवर घेतला आणि पहिलं गाजर त्याच्या गुडघ्यावर आपटलं. तो गात राहिला. ओळ संपली, क्षणभर सगळं थांबलं, आणि त्या थांबलेल्यात वग्दीने बापाचा आवाज काढला, थेट छातीच्या तळातून, शेवटच्या अक्षरावर तसाच हेलकावा देऊन — "तानी, उस्ताद!"

लोक हसून आडवे झाले. शिहाबने त्याच्या पाठीत गुद्दा घातला. आणि रऊफने मान वर केली. अंधारात कुणी दिसत नसावं त्याला. तरी ज्या बाजूने आवाज आला तिकडे बघून त्याने हात छातीवर ठेवला, जुने गवई ठेवत तसा, आणि तीच ओळ पुन्हा घेतली.

मूर्ख, वग्दीला वाटलं होतं. मूर्खाला खरंच वाटलं. मग पुन्हा हाक, पुन्हा ओळ. पुन्हा. हळूहळू हसणं विरलं, लोक कंटाळून उठले, शिहाबही गेला, आणि वग्दी मात्र ओरडतच राहिला… का? हे त्याने कुणाला सांगितलं नाही. चेष्टा संपल्यावर कशासाठी ओरडत होतास रे तू? रागाने, म्हणायचा तो स्वतःला. त्याचा गळा फुटेपर्यंत गायला लावायचं म्हणून. आणि गळा फुटलाच. शेवटच्या ओळीला आवाजच आला नाही, नुसती हवा. महिन्याभरात मल्लाहा मोडलं. रऊफ झोहदी शाळेत भूगोल शिकवायला लागला, आणि पुन्हा कुठे गायल्याचं कुणी ऐकलं नाही.

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. समोरच्या दोन इमारतींच्या फटीतून समुद्र दिसत होता, पट्टीएवढा. लुबनाने दार उघडलं, बसबूसा हातातून घेतला, उगाच कशाला आणलंत अम्मो, म्हणाली. बाबा वुझूला हातपाय धुताहेत, येतीलच. वग्दी भिंतीकडे बघत उभा राहिला. पोहायच्या चड्डीतला एक पोरगा, ओले केस, हातात एकच चप्पल, हसतोय.

"मुनीरकाका," लुबना म्हणाली. "बाबांचे धाकटे भाऊ. पोहायला गेले ते… सापडलेच नाहीत. बाबा म्हणे नंतर कितीतरी दिवस तिथे जाऊन बसायचे, पाणी उतरेल म्हणून."

पाणी उतरेल म्हणून. ह्या समुद्रात. जिथे वीतभर पाणी मागे सरकत नाही. वग्दीचा हात खिशात गेला आणि पिन बोटात घुसली. त्याने हात काढला नाही. ओहोटी नाही म्हणून आम्ही हसलो होतो. अरे, ओहोटी नाही म्हणूनच तर मागत होता तो! आणि आम्ही त्याला गाजरं मारली… पाल्यासकट. हे कुणी मासिकात लिहिलं नाही, कारण हे विचारायला कुणी आलंच नाही. सगळ्यांना अल्बम कळला होता ना.

रऊफ आला. वाळलेला, डोक्याला लोकरीची टोपी, हात अजून ओले. वग्दीला त्याने मिठी मारली नाही. समोर बसवलं आणि नुसतं बघत राहिला.

"तो तू."

"हो," वग्दी म्हणाला. ट्रॅममध्ये जुळवलेली सगळी वाक्यं मागे राहिली आणि हे एक अक्षर पुढे येऊन बसलं.

"लुबना म्हणाली चष्मे करतोस. चांगलं आहे. मी पोरांना भरती-ओहोटी शिकवायचो. पोरं विचारायची, सर, आपल्याकडे का नाही? मी म्हणायचो, आपला समुद्र कंजूष आहे, घेतलेलं दाखवत नाही." तो हसला, हसताना घशात काहीतरी खरखरलं. "त्या दिवशी सगळे हसत होते."

वग्दीने मान खाली घातली. म्हणजे याला ठाऊक आहे. सगळं ठाऊक होतं. बरं झालं… आता हाच बोलेल, मला बोलावं लागणार नाही —

"ऐकू येत होतं मला, बहिरा नव्हतो. गाजरं काय प्रेमाने मारतात का? ही आताची पोरं वेडी आहेत, लावू देत छातीला. पण तू हसत नव्हतास. सगळे हसत होते आणि एक माणूस तेवढा मागत होता. मी म्हटलं, असो, एकाला तरी तळ बघायचाय."

"उस्ताद, मी तेव्हा —"

रऊफने हात वर केला. गप्प राहा असं नव्हतं त्यात. थांब जरा, असं होतं. चहाचा ट्रे घेऊन आलेली लुबना दारातच थबकली, आणि तिच्या चेहऱ्यावरून वग्दीला कळलं की आता जे होणार आहे ते तिनेही कधी पाहिलेलं नाही. रऊफने डोळे मिटले. ऊद नाही, काही नाही. पाणी मागे जाऊ दे… आवाज फाटका, अर्ध्या जागी नुसती हवा, सूर लागायच्या आधीच निसटतोय… तळ बघायचाय मला.

ओळ संपली. तो डोळे मिटूनच बसला. हात छातीवर. वाट बघत.

मी म्हणालो. हळू, आदराने, जितकं खरं म्हणता येईल तितकं खरं — "तानी, उस्ताद."

त्याने डोळे उघडले आणि मान हलवली. मास्तर चुकलेल्या पोराकडे बघतो तसं बघितलं.

"हे नव्हे," तो म्हणाला. "तू तसं म्हणाला नव्हतास. तेव्हासारखं म्हण."

तेव्हासारखं. म्हणजे ते विष पुन्हा तोंडात घ्यायचं आणि या माणसाच्या अंगावर फेकायचं. त्याला तेच हवंय, त्याच्यावर तो तीस वर्षं जगलाय. किंवा सांगून टाकायचं, आत्ता, ह्याच क्षणी, की तेव्हासारखं म्हणजे काय ते. वग्दी आत शोधू लागला, कुठे ठेवलाय तो आवाज, कुठल्या तळाला… आणि हाताला टिंगल लागेना. पलीकडची खोली लागली. मिटलेले डोळे लागले, रेडिओची पिवळी पट्टी, कस्टममधून थकून आलेला, पायमोजेही न काढलेला माणूस, जिला कधीच ऐकू जाणार नव्हतं त्या बाईकडे तो पुन्हा पुन्हा तेच मागत होता. त्याचा हेलकावा मी किती हुबेहूब उचलला होता. इतका हुबेहूब उचलायला किती वर्षं भिंतीला कान लावून बसावं लागलं असेल मला, दार आपटल्यानंतर, कॅसेट चालू केल्यानंतर, आवाज बारीक करून…

छान गातोय, बाप म्हणाला होता. मी त्याला उत्तरच दिलं नव्हतं.

रऊफने पुन्हा डोळे मिटले. हात अजून छातीवरच होता. वग्दीने श्वास घेतला, तळापर्यंत, आणि तो आवाज वर येऊ लागला तसं त्याला कळेना की आता तोंडातून जे बाहेर पडेल ते मोठं खोटं असणार आहे, की आयुष्यात पहिल्यांदा —