दार लावून दिलेला ओव्हर

शहाद्याच्या त्या दवाखान्यात बायकांच्या वॉर्डाला दुपारी दोनची मोठी ओढ. त्याआधी जेवणं उरकायची, पदर सारखे व्हायचे, कोणी घोरत असली तर शेजारीण तिला हलवून उठवायची. दोनला सकाळची सिस्टर दुपारच्या सिस्टरला ओव्हर द्यायची. म्हणजे एकेका कॉटपाशी उभं राहून, हिला काय झालंय, काय दिलंय, काय द्यायचंय ते हवाली करायचं. बोलणं इंग्रजीत, पेशंटला कळू नये म्हणून. पेशंटला कळायचं ते असं, की सिस्टरच्या तोंडून 'एनबीएम' निघायचा अवकाश, दमेकरी जसोदाबाई शेजारच्या कॉटवरचा चहा उचलून आपल्याकडे घ्यायच्या. "तुले आते पानी बी नही पेवानं," असं वर सांगायच्या.

मयूरी सिस्टरला ह्याचं रोज हसू यायचं. आज येत नव्हतं.

चार नंबरच्या कॉटवर ब्राह्मणपुरीची कामिनी होती. सकाळी सासूच्या खांद्यावर मान टाकून आली. उलट्या आणि चक्कर. सासू रंजनाबाईंनी दारातच निदान सांगून टाकलं, ऊन लागलं म्हणून. डॉक्टर मॅडमनी तपासण्या केल्या आणि कामिनीला एकटीला आत बोलावून सांगितलं, ऊन नाही, दिवस गेलेत. मयूरी तिथेच होती. कामिनी आधी हसली, मग तिने मयूरीचं मनगट धरलं.

"सिस्टर, कोणालाच नका सांगू. सासूबाईंनाही नाही."

"का गं?"

"मागच्या वेळी सासूबाईंनी आनंदाच्या भरात दूध डेअरीवर सांगितलं. मी ह्यांना सांगायच्या आत लोकांनी ह्यांच्याकडे पेढे मागितले. पुढे ते टिकलं नाही, तर तेच पेढे मागणारे समाचाराला आले. ह्या वेळी पहिलं ह्यांना, माझ्या तोंडून. फोनवर नाही, समोर. बाकीच्यांचं मग बघू."

तिचा नवरा भावेश सारंगखेड्याला केळीची गाडी भरत होता. ती रवाना केली की येणार होता.

"नाही सांगणार," मयूरी म्हणाली. शब्द देणं सोपं असतं, आणि दोन वाजायला वेळ लागत नाही.

ओव्हरमध्ये 'युपीटी पॉझिटिव्ह' म्हणावं, तर दिवस गेल्याच्या तपासणीची ती अक्षरं आशाताईंनी गावोगाव शेंबड्या पोरीलासुद्धा पाठ करून दिलेली. दुसरे शब्द शोधावे, तर त्यांवरही जसोदाबाईंचा अभ्यास झालेला. चार नंबर वगळून पुढे जावं, तर त्याहून मोठा गवगवा. बायका बोललेलं एकदा ऐकतात, न बोललेलं दोनदा.

दुपारची सीमा सिस्टर आली आणि सवयीने पहिल्या कॉटपाशी जाऊन उभी राहिली. मयूरीने तिचा दंड धरला, तिला इंजेक्शनच्या खोलीत नेलं आणि दार लावलं.

"काय गं, मॅडम चिडल्या का?"

"नाही. आज सगळ्यांचा ओव्हर इथेच घे. पेशंट मग बघून ये."

"अगं, पण रोज तर आपण..."

"रोज चुकतच होतं. ऐक आता."

चार नंबरशी आल्यावर सीमाच्या भुवया वर गेल्या, आणि तिने आपणहून तोंडावर हात ठेवला.

दार उघडलं तर वॉर्डात सुतक. कोपऱ्यातल्या फुलवंताबाई डोळ्यांना पदर लावून फोनवर सुरतच्या मुलाला सांगत होत्या, "जसा व्हशी तसा निंघी ये, भाऊ." जसोदाबाई ताठ बसल्या होत्या.

"सिस्टर, मन्हं काय निंघनं? खरं सांगा. मन्ही तयारी शे."

"काही नाही निघालं, मावशी."

"मंग दार कसाले बंद करं? रोज तं आम्हना समोरच बोलतस ना तुम्ही."

रंजनाबाई स्टूलावरून उठल्या. "त्यास्नं ऱ्हाऊ द्या. मन्ही सूनले काय शे ते सांगा. मी तिन्ही सासू शे."

मयूरीने घसा साफ केला. "जिचं दुखणं तिचं. मी प्रत्येकीला तिचं तिच्या कानात सांगते. पुढे कोणाला सांगायचं ते जिने तिने ठरवायचं. सुनेचं सुनेला विचारा, मावशी."

वॉर्डाला ही पद्धत फारशी पटली नाही, पण आपला कान मात्र प्रत्येकीने पुढे केला. छाती मोकळी झालीय, उद्या घरी जायचं, हे जसोदाबाईंच्या कानात पुरतं शिरायच्या आत वॉर्डभर झालं. फुलवंताबाईंची मूळव्याध. आल्यापासून त्या दोन वाजले की भिंतीकडे तोंड करून पडायच्या. मयूरीला वाटायचं, बाईला झोप प्यारी. आज त्यांनी कानात सगळं ऐकून घेतलं, इतके दिवस कोणाला न विचारलेल्या एकदोन गोष्टी हळूच विचारल्या, आणि मुलाला येऊ नको म्हणून फोन केला.

"तुले काय सांगं वं?" जसोदाबाईंनी विचारलंच.

"जे सांगं ते मले सांगं," फुलवंताबाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच वॉर्डाकडे तोंड करून आडव्या झाल्या.

मग चार नंबर. पंखा सोडून सगळं थांबलं. मयूरी कामिनीच्या कानाशी वाकली. सांगायला नवं तर काहीच नव्हतं. "पाणी भरपूर पी, पोट रिकामं ठेवू नको. बाकी मी नुसतीच बोलतेय, तू मान हलव," ती कुजबुजली. कामिनीने शहाण्यासारखी मान हलवली, पण ओठ काही आवरेनात.

"काय म्हने सिस्टर?" रंजनाबाई.

"पाणी भरपूर प्या म्हणे. पोट रिकामं ठेवू नका म्हणे."

ह्यात खोटं काही नव्हतं. रंजनाबाईंनी सुनेकडे पाहिलं, मयूरीकडे पाहिलं, परत सुनेच्या ओठांकडे पाहिलं, आणि पाण्याचा तांब्या सुनेच्या हाताशी सरकवून स्टूलावर बसल्या.

भावेश आला तो केळीच्या चिकाचे डाग पडलेल्या शर्टातच. मयूरीची ड्यूटी कधीच संपली होती. खांद्याला पर्स लावून ती उगाच सलाइनचे स्टँड सरळ करत होती.

"काय झालं हिला?" त्याने दारातूनच विचारलं, आणि अख्खा वॉर्ड पुढे झुकला.

"तिलाच विचारा. तिकडे बसून." मयूरीने इंजेक्शनच्या खोलीकडे बोट केलं. सीमाने आतला ट्रे बाहेर आणला. दोघं आत गेली, दार लागलं.

नेमकी तेव्हाच जसोदाबाईंना पाय मोकळे करायची हुक्की आली. भिंतीला धरत त्या खोलीपर्यंत पोचल्या, तर तिथे स्टूल, आणि स्टूलावर दाराला पाठ लावून रंजनाबाई.

"पलंगवर बठा, जसोदाबाई. दम लागी जाई."

"तुमले समजनं ना? सांगा ना मंग."

"मले काय समजी? मन्ही सून सांगी, तवय समजी."

इतक्यात आतून भावेशचं हसू आलं. दाबलेलं, पण केळीच्या बागेत ह्या टोकापासून त्या टोकाला हाका मारणाऱ्या माणसाचं हसू, ते किती दाबणार. जसोदाबाईंनी मान पुढे काढली. त्याच क्षणी रंजनाबाईंना खोकल्याची उबळ आली. असली जोराची, की सीमा पाण्याचा ग्लास घेऊन धावली. त्यांनी हातानेच नको म्हटलं आणि खोकत राहिल्या.

मयूरी पायऱ्या उतरून खाली रस्त्यावर आली, तरी तो खोकला ऐकू येत होता.