हावोदची कानखूण

मी एक जुनी कात्री आहे, मित्रांनो, मेंढ्यांची लोकर कातरणारी. वेल्सच्या डोंगरातल्या हावोद नावाच्या शेतावर, गोठ्याच्या दाराशी खिळ्याला टांगलेली असते. माझं वय कुणालाच ठाऊक नाही, म्हणून मी हवं ते सांगते. मला घडवणारा लोहार शिंकला, की खालच्या दरीतल्या कोंबड्या दचकून अंडी घालत. इथलं धुकं तर इतकं दाट, की एकदा मालकानं मेंढी समजून धुकंच कातरलं. त्याचा एक मोजाही विणून झाला. दुसरा व्हायच्या आत ऊन पडलं. खोटं वाटतं? बरं, मोजा सोडा. पुढची गोष्ट मात्र मेंढ्यांच्या कानांवर कापलेली आहे.

आमच्या डोंगराला कुंपण नाही. सगळ्यांच्या मेंढ्या एकत्र चरतात, म्हणून प्रत्येक शेताची आपली कानखूण असते. हावोदची खूण म्हणजे डाव्या कानाचं टोक छाटलेलं आणि त्याखाली एक खाच. मालक बदलला तरी खूण बदलत नाही. दुसऱ्या कुणी ती कापली, तर तो चोर. माणसंही तशीच. जो हावोदला राहतो, त्याला सारा डोंगर हावोदचाच म्हणतो. आडनाव लागतं ते थडग्यावर.

भरात होते तेव्हा मी कातरणीच्या दिवशी शेजाऱ्यांची वाहवा मिळवली. मग विजेचं यंत्र आलं आणि मी खिळ्यावर गेले. गंज चढला. एका कोळ्यानं माझ्या पात्यांत संसार थाटला.

तोवर शेत इद्वलकडे आलं होतं. तो एकटाच, मूलबाळ नाही, गुडघे गेलेले. शेत कुणाला तरी द्यायलाच हवं होतं, पण त्याची अट एकच. "या घरच्या रक्ताचं, माझ्या आजोबांच्या, रॉबट हावोदच्या, वंशाचं माणूस हवं. परक्याला ढेकूळही देणार नाही!"

अशात कातरणीच्या दिवशी, शेजारी जमलेले असताना, मेरेरिड नावाची तरणी बाई डोंगरापलीकडून आली. गाडीत दोन मेंढ्या होत्या.

"काका, आधी माझ्या मेंढ्या बघा, मग मला बघा. तुम्हाला शेत द्यायचंय असं ऐकलं. हावोद मी सांभाळीन. माझी पणजी लौरी इथलीच होती म्हणतात."

"इथं लौरी कुणी नव्हती. मी काय काल जन्मलोय?" म्हणत इद्वल वाकला, आणि मेंढीचा कान धरून ओरडलाच. "अगं ए! ही तर माझी खूण! माझीच मेंढी चोरून मलाच दाखवायला आणलीस?"

"चोरून? ही माझ्या दारात जन्मलीय! आमच्याकडं पणजीपासून असंच कापतात. का, ते ठाऊक नाही. हा उजवा कानही बघा ना."

उजव्या कानाच्या खालच्या काठाला इवलीशी खाच होती.

मित्रांनो, या मेंढ्यांच्या वंशात तशी पहिली खाच मीच दिली होती! मी खिळ्यावर जीव तोडून हलले. "वारा सुटला वाटतं," कुणीतरी म्हणालं.

मनुकांचा पाव चघळत बसलेली शेजारची मोडलेन मावशी तेवढ्यात म्हणाली, "अरे इद्वल, ती लेकीची खाच. मुलगी लग्न होऊन दूर निघाली, की तिला दिलेल्या मेंढ्यांना माहेरची खूण ठेवायचे आणि उजव्या कानाला एवढी खाच द्यायचे. कुणी चोर म्हणू नये म्हणून!"

"मग लौरी आमच्या आजोबांची बहीण?"

"छे रे! लौरी या घरची एकुलती लेक. तुझा आजोबा गडी म्हणून आला, दोन्ही पायांत डावेच बूट घालून! लौरी गेल्यावर तिच्या म्हाताऱ्या बापाला त्यानं भरवलं, अंथरुणात सांभाळलं, शेवटी मातीही दिली. म्हाताऱ्यानं शेत त्याच्या हवाली केलं. माझी आई सांगायची."

"आणि तू मला आज सांगतेस?"

"तू कधी विचारलंस? तू नुसता सांगत असतोस."

इद्वल लोकरीच्या ढिगावर मटकन बसला. या घरच्या रक्ताच्या त्याच्याच अटीनं तोच परका ठरला होता. "म्हणजे मी कुणाचा कोण?" तो पुटपुटला.

मेरेरिडनं आपल्या हातातला चहाचा पेला त्याच्या हातात दिला. "काका, या घरच्या रक्ताच्या अटीत मी बसते, तर शेत मी घेते. आता माझी अट. तुम्ही इथंच राहायचं. थंडीत मेंढ्यांना कोणत्या ओढ्याकाठी उतरवायचं, ते मला कोण दाखवणार? आणि कुणाचे कोण काय विचारता? तुम्ही हावोदचे."

दुसऱ्या दिवशी इद्वलनं मला खिळ्यावरून काढलं. कोळ्याला भिंतीवर हलवलं, माझा गंज घासला, मला तेल दिलं. वसंतात मेरेरिडच्या मेंढ्यांना कोकरं झाली, तेव्हा खुणा करायला त्यानं यंत्र घेतलं नाही, मला घेतलं. डाव्या कानाचं टोक छाटलं, खाच दिली. मेरेरिडनं सवयीनं उजवा कान पुढं केला.

"तो राहू दे, पोरी," इद्वल म्हणाला. "ही माहेरी आलीत."

म्हणून सांगते, मित्रांनो, खिळ्यावरच्या जुन्या वस्तूला अधूनमधून तेल द्या, आणि कोपऱ्यात पाव चघळणाऱ्या म्हातारीला वेळेवर विचारा. आम्ही दोघी कितीही हललो, तरी लोकांना वाराच वाटतो.